काळा घ्यावा का चकचकीत

केरूनानाचा जुना कॅमेरा मेला तो मोरचुदाच्या पिपात बुडून. ओझरच्या अलीकडं एका बागाईतदाराच्या मळ्यात नाना हंगामाआधीच्या द्राक्षाच्या घडांचे फोटो काढायला गेला होता. वाकून घडाखाली तोंड घातलं, गळ्यातला पट्टा सुटला आणि कॅमेरा खाली फवारणीच्या पिपात डुबुक. वर काढला तेव्हा त्याच्या पोटातनं निळं पाणी गळत होतं. बागाईतदार म्हणाला, "नाना, आता याच्यावर डावण्या नाय पडायचा." बागेवरच्या रोगाची चेष्टा बागाईतदारानंच करावी. नाना हसला नाही. कॅमेरा फडक्यात गुंडाळून, लहान लेकरू दवाखान्यात न्यावं तसा घरी घेऊन आला.

उभ्या हयातीत नानानं माणसं उभी करून त्यांचे फोटो काढले. विमानाच्या कारखान्यात पंचक्रोशीतला जो जो गडी लागला, त्याच्या पासाचा फोटो नानाचा. मान सरळ, खांदे सरळ, हलू नका. ही तीन वाक्यं त्याच्या तोंडात इतकी बसली की लग्नातही तीच निघायची. अंतरपाट खाली आला, नवरा-नवरी एकमेकांकडं बघून जरा कुठं लाजायला लागली की नानाचा आवाज यायचा, "हलू नका." मग दोघं ताठ. अल्बम बघणारा पाहुणा विचारायचा, "या दोघांना एकाच दिवशी नोकरी लागली वाटतं." गावात कुणाला त्याचं वाईट वाटायचं नाही. फोटो म्हणजे असाच असतो, अशीच सगळ्यांची समजूत होती. नानाचीही होती.

अडचण होती ती त्याच्या घरात. बायको चंद्रभागा. ही बाई बोलायला लागली की दारातनं जाणारा दूधवाला सायकलवरनं उतरायचा. सरपंचाची चाल, तलाठ्याची शिंक, स्वतःच्या सासूचं रुसणं, सगळं करून दाखवायची, आणि हसायची तर अशी की आधी खांदे हसायचे, मग पोट, आणि शेवटी आवाज. पण नानानं डोळ्याला कॅमेरा लावला की खेळ खलास. ओठ मिटलेले, डोळे वटारलेले, हात मांडीला चिकटलेले. शेंदूर फासून पारावर ठेवली असती तर लोकांनी नारळ फोडला असता. लग्नापासनं पोराच्या लग्नापर्यंतचे सगळे फोटो काढून बघा, तोंड एकच. नुसतं लुगडं बदललेलं.

इतकी वर्षं नानानं ते चालवून घेतलं. पण मागच्या उन्हाळ्यात चंद्रभागेची थोरली जाऊ गेली. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून पुतण्या तिच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करायला घेऊन आला. नानानं तो मोठा केला, हार घातला, आणि घरी येऊन जेवताना बायकोकडं बघत बसला.

"काय बघताय?" चंद्रभागा म्हणाली. "भाकरी करपली असंल तर बोला."

"तू गेल्यावर भिंतीवर काय लावू, त्याचा इचार करतोय. तुझा एक फोटो असा नाय की बघून वाटंल, ही आपली चंद्रभागा. सगळे पोलीस चौकीत लावल्यासारखे."

"आधी तुम्ही जा," ती म्हणाली, "मग माझी काळजी करा. आन् तुमचा तर एकबी नाय. मी काय लावू? कॅमेराच लावीन खिळ्याला."

त्यावर ती हसली, खांद्यापासनं सुरू झालं. नानाचा हात भाकरीत होता. कॅमेरा आतल्या खोलीत. तो उठून आणेपर्यंत हसू पोटापर्यंत येऊन गेलं, आणि कॅमेरा दिसल्याबरोबर बाई दगड झाली. त्या दिवसापासनं नानाच्या डोक्यात किडा शिरला. मरायच्या आधी, कुणीही आधी मरो, हिचा एक मोकळा फोटो काढायचा.

म्हणून मग पिपात कॅमेरा गेला तेव्हा नाना जेवढा हळहळला, तेवढाच मनातनं हलकाही झाला. सुनेला, योगिनीला, त्यानं आपला शोध सांगितला. "त्या चकाकीचा दोष होता. चांदीसारखं चमकतंय डोळ्यापुढं. बैल छत्रीला बुजतो, तशी तुझी सासू बुजती."

योगिनी ओझरला शाळेवर मास्तरीण. म्हणाली, "नाना, मोबाईल घ्या की हातात."

"मोबाईलपुढं ती डोळेच मिटती. आन् मोबाईलचा फोटो म्हंजी पिशवीतलं दूध. आपल्याला धारोष्ण पायजे."

नाशकात मेनरोडच्या बोळात दत्तू बसतो. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, मग कॅमेरे, मध्यंतरी काहीच नाही, आणि आता कॉलेजची पोरं-पोरी रोलचे कॅमेरे धुंडत त्याच्याकडं येतात म्हणून परत बरा चाललाय. नानानं कॅमेरा मागितल्यावर दत्तूनं कपाटातनं दोन काढून काचेवर ठेवले. एकाच घरातले, सख्खे भाऊ. एक चकचकीत क्रोमचा, दुसरा काळा.

"आत सगळं एकच हाय, नाना," दत्तू म्हणाला. "फरक नुसता कातडीचा. ही पोरं येत्यात, काळाच मागत्यात. काळा डोळ्यात भरत नाय. माणसाला कळतबी नाय, कव्हा फोटो निघाला."

नानाचे कान टवकारले. "बुजत नाय म्हणतो?"

"अजिबात. पण एक हाय, काळ्याचा रंग उडतो. कोपरे बघा, उडालाच हाय जरा. क्रोम म्हंजी गोरं माणूस. घाम पुसला की परत गोरं."

नाना दोन्ही हातांत दोन कॅमेरे घेऊन उभा राहिला. चकचकीत धरला की आपला वाटायचा. गावात शिरलं की पोरं गोळा व्हायची ती त्या चमकीला, आणि फोटोवाला आला हे लांबूनच कळायचं. काळा धरला की हातात काही नसल्यासारखं, पण डोळ्यापुढं चंद्रभागा हसताना दिसायची. एकदा हा डोळ्याला, एकदा तो. दत्तूचा चहा येऊन गार झाला.

शेवटी नाना म्हणाला, "दोन्ही नेतो."

"दोन्ही घेताय?"

"घेत नाय, नेतोय. बैल कसा घेतो आपण? नुसते दात बघून कुणी घेतो का? बोलीवर घरी न्यायचा, औताला जुंपायचा, पटला तर ठेवायचा, नाय पटला तर दावणीला परत आणून बांधायचा."

दत्तूचा बाप निफाडकडचा शेतकरी. त्यामुळं त्याला बोली समजली, आणि बोलीचं दुसरं कलमही पाठ होतं. तो म्हणाला, "न्या. पण बोलीचं जनावर तुमच्या गोठ्यात लंगडलं तर?"

"तर माझ्या गळ्यात. कबूल."

घरी आल्यावर नानानं दोन्ही कॅमेऱ्यांत काळे-पांढरे रोल घातले आणि जुंपणी सुरू झाली. पहिला मान चकचकीताचा. चंद्रभागा चुलीपुढं बाजरीची भाकर थापत होती आणि योगिनीला कुणाच्या तरी बारशातली गंमत सांगत होती. नाना दारात उभा राहिला, डोळ्याला कॅमेरा लावला, म्हणाला, "हलू नको." भाकर थापणारा हात हवेत थांबला. ओठ मिटले, डोळे वटारले. शेंदूर तेवढा बाकी.

नाना मनात म्हणाला, बघ, चकाकी. मला माहीतच होतं.

दुसऱ्या दिवशी काळा. चंद्रभागा ओट्यावर घेवडा निवडत होती. नाना तुळशीआड बसला. काळा कॅमेरा खरंच दिसत नव्हता, दत्तू खोटं बोलला नव्हता. पण नानाचं तोंड त्याच्या ताब्यात नव्हतं. "हलू नको," तो तुळशीमागनं म्हणाला.

बाई दगड. दगडानंच ओठ न हलवता विचारलं, "हे काय काळं मांजर आणलंय? शुभकार्यात असलं काळं नेणार काय लोकांच्या दारात? आधीच तुम्हाला कुणी बोलवत नाय."

"तू बुजली कामून पण? हा तर दिसतबी नाय."

"मी कुठं बुजले? तुम्ही फोटो काढताय, मी फोटोला बसलेय. कसं बसायचं असतं मग?"

नाना उठला. मांजर घेऊन आत गेला. योगिनी वह्या तपासत बसली होती, ती वर न बघता म्हणाली, "नाना, गुलाबी रंगाचा मिळतो का बघा."

असे आठेक दिवस गेले. नवरात्र तोंडावर आलं. घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातल्या झाडून सगळ्या वस्तू बाहेर निघतात. गोधड्या नदीला जातात, पत्र्याच्या पेट्या उन्हात, आणि पितळेची भांडी अंगणात. चंद्रभागा पहाटेपासनं पदर खोचून अंगणात बसली होती. एका बाजूला चिंचेचा कोळ, दुसऱ्या बाजूला राख, मध्ये घागर, तांब्या, परात, समई. नाना काळा कॅमेरा ओट्यावर ठेवून, चकचकीत गळ्यात अडकवून, नदीवर गोधड्या धुणाऱ्या बायकांकडं गेला होता. तिथं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. सगळ्या बायका गोधड्या छातीशी धरून रांगेत उभ्या राहिल्या होत्या, एवढं पुरे.

तो परत आला तेव्हा अंगणात चंद्रभागेच्या मांडीवर काळा कॅमेरा होता. आणि तो काळा नव्हता.

झालं होतं असं. ओटा झाडायला म्हणून तिनं तो उचलला, तर कोपऱ्याला पिवळं काहीतरी चमकलं. अंगठ्यानं घासलं, आणखी चमकलं. पितळ. खानदानी, जड, जुनं पितळ, वरनं काळं फासलेलं. पितळेवर काजळी दिसल्यावर घटाच्या आदल्या दिवशी गप्प बसणारी बाई नाशिक जिल्ह्यात जन्माला यायची आहे. चिंचेच्या कोळात बोट बुडवलं, राख घेतली, आणि डावा खांदा, वरचा कठडा, पुढची कड, जेवढं हाताला लागलं तेवढं उजळून काढलं.

नाना फाटकातच थांबला. तोंड उघडलं, आवाज फुटेना.

"आलात का," चंद्रभागा म्हणाली. "बघा. सोन्यावाणी पितळ. आन् तुमच्या त्या दत्तूनं काळं फासून तुमच्या हातात दिलं. पाण्यात नाय घातला हां, मला काय येड लागलंय? नुसतं वरनं वरनं." मग तिनं मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला, आणि हुबेहूब दत्तू झाली. दत्तूला तिनं आयुष्यात एकदाच पाहिलेलं. "नाना, काळा न्या, काळा लय चालतो." पितळी कॅमेरा तिनं हात लांब करून नानापुढं धरला, गिऱ्हाइकाला दाखवतात तसा, आणि हसली. आधी खांदे, मग पोट.

नानाच्या डोक्यात त्या वेळी दत्तू होता, बोली होती, लंगडं जनावर होतं. पण हात जुने. गळ्यातला चकचकीत डोळ्याला गेला, बोटांनी भिंगाचं कडं फिरवलं, खट्. तोवर आवाजही फुटला होता तिचा, मोठ्यानं, शेजारच्या अंगणापर्यंत.

खट् ऐकलं आणि ती दगड झाली. पण उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी नाना चकचकीतातला रोल काढून ठेवून दोन्ही कॅमेरे घेऊन नाशकाला गेला. दत्तूनं पूर्वीचा काळा हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला, चष्मा वर केला.

"नाना, याला काय झालं?"

"घट बसले."

दत्तूनं आणखी विचारलं नाही. "लंगडलं म्हणायचं," एवढंच म्हणाला. नानानं चकचकीत काचेवर ठेवला, आणि अर्धा काळा अर्धा पिवळा परत पिशवीत टाकला. जाता जाता दत्तूनं मागनं विचारलं, "पण पसंत कुठला पडला होता?"

"मला विचारलं कुणी?" नाना म्हणाला.

रोल त्यानं घरीच अंधारात धुतला, वाळवला. न्हाणीघराच्या दाराला घोंगडी लावली, लाल दिवा लावला, फोटोचा जुना कागद बाहेर काढला. औषधाच्या ताटलीत कागद हलवता हलवता चित्र वर यायला लागलं. पहिल्यांदा आला कॅमेरा. इतका स्वच्छ की त्याच्यावरनं बोट फिरवल्याची राखेची रेघ मोजून घ्यावी. मग आला हात, कोपरापर्यंत बरा. आणि त्याच्या मागं चंद्रभागा, तोंड उघडं, खांदे वर गेलेले, हसण्यात बुडालेली, आणि सगळी धुरकट. नानानं कडं फिरवलं होतं ते चमकीवर. आयुष्यात एकदा बाई मोकळी सापडली, आणि याचा डोळा बसला पितळेवर.

तो ओला फोटो चिमट्यानं धरून बाहेर आला आणि ओट्यावर बसला. योगिनीनं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आत्याबाईच आहेत," ती म्हणाली. "नाना, या वेळेला तुम्ही 'हलू नका' म्हणालात नाही वाटतं."

"आवाजच फुटंना माझा," नाना म्हणाला. "आन् उपयोग काय? वाया गेला. भांड्याचा फोटो निघाला, बाईचा नाय."

चंद्रभागा पदराला हात पुसत आली. फोटो त्याच्या चिमट्यातनं काढून घेतला. लांब धरला, जवळ धरला, उन्हाकडं केला.

"ही मी का?"

"तू. धुरकट आलीस. माझी चूक."

"चूक कशाची?" ती म्हणाली. "सुरकुती दिसंना एक. दातबी सगळे जागेवर वाटत्यात. मला वाटलं माझी धाकली बहीण." तिनं पुन्हा बघितलं. "एवढी वर्षं नीट काढत बसलात आन् मला भूत करून ठिवलं. आधीच असा काढायला काय झालं होतं?"

"अगं, हा चुकलेला हाय. फोटो असा नसतो."

"मग कसा असतो? तो पारावरच्या देवासारखा?" ती म्हणाली. "दसऱ्याला बहिणी येत्यात माझ्या. सगळ्यींचा असाच धुरकट काढा. नीट काढला तर जेवायला वाढणार नाय."

नाना तिला काही समजावून सांगणार होता. फोकस म्हणजे काय, उजेड किती, चांगला फोटो कशाला म्हणतात. पण ती कुठली थांबतीय. फोटो दोन बोटांत धरून, पदर सावरत, ती शेजारच्या सुमनबाईंच्या घराकडं निघाली होती.

"अगं ए, तो अजून ओला हाय," नाना म्हणाला.

तोवर ती फाटकाबाहेर गेली होती.