टिटवीचा मांडव

एप्रिलमध्ये नागपूरला जाते आहे म्हटल्यावर सांगलीत माझ्या ओळखीच्या प्रत्येकानं माझ्या तब्येतीची चौकशी केली. तिथं काय पाहणार, असं विचारल्यावर मी "टिटवी" म्हणून सांगत असे. मग चौकशी तब्येतीवरून डोक्याकडे वळायची. वाघ पाहायला जाणाऱ्याला आपल्याकडे फार मान आहे. तो पैसे मोजून उघड्या जीपमध्ये भाजून निघतो, झुडपाआड गेलेली एक शेपटी पाहतो आणि वर्षभर ती शेपटी पाहुण्यांना दाखवतो. बागेतले पक्षी पाहणाऱ्याला मात्र लोक एवढंच म्हणतात, "वेळ बरा जातो ना?"

बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझा वेळ बरा जातो. मुलानं घेऊन दिलेला मध्यम आकाराचा कॅमेरा आहे, गुडघे अजून ऐकतात. धाकटी बहीण शैला लग्न होऊन नागपूरला गेली, ती दर वर्षी बोलावते, पण हिवाळ्यात. हिवाळ्यात शहाणी माणसं जातात. मला टिटवी अंड्यांवर बसलेली पाहायची होती, आणि ही बाई अंडी घालते ती उन्हाळ्यात, उघड्या जमिनीवर, घरटं म्हणून चार खडे मांडून. तिला शहाणपण शिकवणारी मी कोण?

स्टेशनाबाहेर रिक्षा केली. रिक्षावाल्यानं माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि त्याला सगळं समजलं.

"ताडोबाले जाता का जी?"

"नाही. रामदासपेठेत, बहिणीकडे."

"मंग टायगर?"

"बागेतले पक्षी पाहायला आले आहे."

त्यानं आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "मावशी, उन्हात फिरू नका," तो म्हणाला. "डोक्याले चढते." माझ्या बाबतीत ते आधीच चढलं आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

नागपुरात पाहुण्याची ओळख घरच्या माणसांच्या आधी कूलरशी करून देतात. शैलाच्या दिवाणखान्यातला कूलर एवढा मोठा आहे की त्याला स्वतंत्र शिधापत्रिका मिळायला हरकत नाही. मला त्याच्यासमोर बसवण्यात आलं, हातात पन्हं देण्यात आलं, पिशवीत एक कांदा टाकण्यात आला (उन्हाची झळ लागू नये म्हणून), आणि मग शैलाचे यजमान मनोहरराव बाहेर आले. मनोहरराव निवृत्त अभियंते. आयुष्य पूल बांधण्यात गेलं. आता पूल बांधू देत नाहीत, म्हणून ते फोटो काढतात. त्यांनी नवी लेन्स दाखवली. ती ठेवायला शैलानं कपाटातला आपल्या साड्यांचा खण रिकामा करून दिला होता.

"ताई, टिटवीच पाहाची ना तुमाले?" ते म्हणाले. "आपल्या बागेतच चार अंडी आहेत. आमच्या पक्षिमित्र मंडळानं तिचा असा बंदोबस्त केला आहे की तुम्ही पाहातच राहाल."

"टिटवी काहून पाहाची म्हणते मी," शैला आतून म्हणाली. चाळीस वर्षांत तिची सांगलीची बोली पुरती धुऊन निघाली आहे. "घरावरून ओरडत गेली तर लोक देव आठवतात. मोर पाहा ना वं."

पण आधी बाकीचं नागपूर. महाराजबागेत उंबराच्या झाडावर राखी धनेशाचं जोडपं होतं. भलीमोठी चोच, चेहऱ्यावर कर्ज नामंजूर करणाऱ्या शाखाधिकाऱ्याचे भाव. खाली हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे लष्करी कपडे घातलेले सहा-सात छायाचित्रकार दबा धरून होते. आपण माणसं आहोत हे धनेशाला कळू नये, अशी त्यामागची योजना. त्यांच्याभोवती मुलं घसरगुंडी खेळत होती, आजोबा हास्ययोग करत होते, आणि धनेश सगळ्यांकडे दुर्लक्ष करून उंबरं गिळत होता. जंगलाचा वेष केलेली माणसं तेवढी बागेत उठून दिसत होती.

दुसऱ्या दिवशी फुटाळा तलाव. पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. न्याहारीला तर्री पोहे घेतले (तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो लालभडक, तिखट रस्सा). मी "थोडी कमी" म्हटलं. टपरीवाल्यानं माझ्या तोंडाकडे बघून सहानुभूतीनं थोडी जास्त घातली. पुढचा अर्धा तास माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवशीचे सगळे बगळे माझ्या फोटोंत धुक्यात आले आहेत, आणि नागपुरात एप्रिलमध्ये धुकं नसतं.

शनिवारी सकाळी आम्ही टिटवीकडे गेलो. तलावाकाठच्या त्या बागेचं नाव मी सांगत नाही, मला तिथं पुन्हा जायचं आहे.

मनोहररावांनी म्हटलेला बंदोबस्त मला लांबूनच दिसला. पाण्यापासून थोड्या अंतरावर मोकळी मुरमाड जमीन होती आणि तिच्यावर मांडव. खरोखरचा मांडव. चार बांबू, वर हिरवी जाळी, सगळ्या गाठी अशा पक्क्या की त्यावरून मालगाडी जावी. खाली चुना लावलेल्या विटांचं रिंगण. रिंगणात मातीचं परळ, त्यात पाणी. मध्ये मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. मांडवाला फलक बांधला होता, 'टिटवी संवर्धन प्रकल्प', आणि त्यावर एका समुद्रपक्ष्याचा सुंदर रंगीत फोटो.

"काल सायंकाळी उभा केला," मनोहरराव म्हणाले. "डिझाइन माझं. जाळी वानखेडे साहेबांनी दिली, त्यांचं इतवारीत कापडाचं दुकान आहे. मंडळाचे अध्यक्ष आहेत ते. उद्या उद्घाटन आहे. माझा सत्कारही ठेवला आहे त्यांनी." शेवटचं वाक्य त्यांनी घाईत, दुसरीकडे पाहत म्हटलं. निवृत्त झाल्यावर माणसाला कोणी बोलावत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांचा आनंद पाहून मला मनापासून बरं वाटलं.

फक्त टिटवी मांडवात नव्हती.

मी लिंबाखाली बसून कॅमेऱ्यातून पाहू लागले. ती पाण्याच्या कडेला होती. काळं डोकं, डोळ्यापुढं लाल कातडी, पिवळे लांब पाय. ती पाण्यात उतरली, पोट टेकवून बसली, अंग हलवून पोटाची पिसं भिजवली आणि तुरुतुरु चालत मांडवाकडे आली. दहाएक पावलांवर थांबली. वाऱ्यानं जाळी फडफडली. ती मागं सरली, बाजूनं फिरून आली, पुन्हा थांबली. तिच्या पोटावरून पाणी गळत होतं. त्या उन्हात ते सुकायला किती वेळ लागणार? पोट कोरडं झालं तशी ती पुन्हा पाण्याकडे गेली.

"पाहा, किती तहान लागली बिचारीले!" मनोहरराव हळहळले. "परळ छोटं पडते. उद्या घमेलं ठेवतो."

कृष्णाकाठच्या वाळूत मी या पक्ष्याला थोडंफार पाहिलं आहे. ती प्यायला जात नव्हती. पोट भिजवून आणत होती, अंड्यांवर बसून त्यांना गार करायला. टिटवीला चारी बाजू आणि वरचं आभाळ मोकळं दिसावं लागतं. कुत्रा, कावळा, घार कुठून येईल ते तिला बसल्या जागी दिसलं पाहिजे. ज्या छपराखालून आभाळच दिसत नाही तिथं ती कशी बसेल? सावली होती, पण गरम वारा जाळीखालून अंड्यांवरून जात होता, आणि गारवा दहा पावलांवर उभा राहून सुकत होता.

मी मनोहररावांना हे सगळं सांगितलं.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या सांगलीचं ऊन नव्हे हे. इथं माणूस सावलीशिवाय टिकत नाही, ते तर अंडं आहे."

"तिला कूलर नकोय हो. ती स्वतःच कूलर आहे."

ते हसले. मग मांडवाची एक गाठ आवळत म्हणाले, "उद्याचा कार्यक्रम होऊ द्या. सोमवारी पाहू." मी अजून एकदा सांगून पाहिलं. ते लेन्स पुसू लागले. टिटवीनं तेवढ्यात आणखी दोन खेपा केल्या. मला राग आला होता, आणि मी पाहुणी होते. पाहुणीनं राग गिळून संत्रा बर्फी खायची असते. मी खाल्ली.

रविवारी सकाळी मांडवासमोर खुर्च्या, माइक, समई. प्रमुख पाहुणे उशिरा आले, तोपर्यंत ऊन वेळेवर आलं होतं. लष्करी कपड्यांतली मंडळी विटांच्या रिंगणाला टेकून पालथी पडली होती, प्रत्येकाची लेन्स अंड्यांवर रोखलेली. टिटवी वर घिरट्या घालत जीव तोडून ओरडत होती.

"पाहा पाहा!" वानखेडे साहेब माइकवरून म्हणाले. "ती पण आपले आभार मानून राहिली!"

टाळ्या पडल्या.

माझ्या शेजारी मेश्राम मॅडम बसल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळाच्या सभासद आणि मनोहररावांच्या रोजच्या फिरण्याच्या सोबती. त्या टाळी न वाजवता म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत माइक लावून राहिलो आपण. मी कालच म्हटलं होतं मनोहररावांना. पण सत्काराच्या गोष्टीत कोणी ऐकते का?"

शाल पांघरून झाली. मनोहररावांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि "सन्माननीय" एवढं म्हणून थांबले. टिटवी खाली उतरली होती. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपासून जवळच, पोटावरून पाणी निथळत असलेली. एवढ्या माणसांत ती आली होती. दोन पावलं पुढं, एक मागं. खाली मुरमावर पाण्याचे थेंब पडले आणि लगेच दिसेनासे झाले. ती उभीच राहिली. मनोहरराव तिच्या पोटाकडे पाहत होते. मग त्यांनी परळाकडे पाहिलं. ते काठोकाठ भरलेलं होतं. तहानेनं जीव जाणारा पक्षी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता.

"मले वाटलं ती पाणी प्याले जाते," ते माइकमध्ये म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. प्रमुख पाहुण्यांनी सवयीनं मान डोलावली.

"माझी चूक झाली. हा मांडव काढा लागते. आत्ता."

"अरे मनोहर, काय बोलून राहिला गा?" वानखेडे साहेब दबक्या आवाजात म्हणाले, पण माइक सुरू होता. "पाहुणे बसले आहेत! फीत राहिली कापाची!"

"मंग पाहुण्यांच्या हातानं गाठी सोडू," मनोहरराव म्हणाले, आणि शाल खुर्चीवर टाकून बांबूकडे गेले.

गाठी सुटेनात. चाळीस वर्षं न पडणारे पूल बांधलेल्या माणसाची गाठ होती ती. शेवटी फीत कापायच्या कात्रीनं दोर कापले. मेश्राम मॅडमनी माइकची वायर उपटली आणि वर्गात बोलतात त्या आवाजात सगळ्यांना उठवलं, "चला, लिंबाखाली! खुर्च्या घेऊन! पालथे पडलेले पण!" एका लष्करी कपड्यांतल्या तरुणानं "मॅडम, दोन मिनटं, एकच क्लोजअप" म्हटलं. मॅडमनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो खुर्ची घेऊन चालू लागला. वानखेडे साहेबांनी जाळीची घडी घातली. व्यापाऱ्याची घडी, कोपऱ्याला कोपरा. तोंड फुगलेलं होतं, पण विटा त्यांनी स्वतः उचलल्या.

आम्ही सगळे लिंबाखाली दाटीवाटीनं उभे राहिलो. सत्कारमूर्ती, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष. नागपुरातली एवढी माणसं एका जागी गप्प राहू शकतात हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. टिटवी पाण्याला गेली, भिजून आली. मोकळ्या जमिनीवर थांबून एकदा चारी बाजूंना पाहिलं. आणि गेली सरळ, अंड्यांवर उभी राहिली, पिसं फुलवली, हळूच बसली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी तर्री नव्हती. एवढ्या लांबून काढलेल्या माझ्या फोटोत एक करडा ठिपका आहे, आणि तो टिटवी आहे हे माझ्या शब्दावर मानावं लागतं. मनोहररावांनी लेन्सचं झाकण काढलंच नाही.

सांगलीत परत आले तर शेजारच्या वहिनींनी दारातच विचारलं, "दिसला का वाघ?" मी करडा ठिपका दाखवला. त्या म्हणाल्या, छान आला आहे. मग मी विचार करत बसले, की आपण माणसं प्रेम करायला निघालो की सगळ्यात आधी खुर्च्या मांडतो. समोरच्याला काय हवं ते बघायचं राहून जातं, आणि त्यातून एखादा अंगावरची शाल काढून ठेवतो तेव्हा त्याचं कौतुक करायला कोणी जागेवर नसतं. माझ्याच घरात असे पक्क्या गाठींचे मांडव किती घातले गेले, ते इथं लिहीत नाही. मुलगा हे वाचतो.

काही आठवड्यांनी मनोहररावांचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"ताई, पिल्लं निघाली! मायच्या मागं चालत पण गेली पाण्याकडे. तीन आहेत. ग्रुपवर टाकलं मी, सगळ्यांनी हात जोडले."

"आणि चौथं?"



"ते तिथंच आहे. उघडलं नाही."

"एखादं मुळातच तसं असतं हो," मी म्हटलं. "सांगता येत नाही."

"नाही ताई," ते म्हणाले. "ते आपल्या पाहुणचारानं गेलं."

  शैलाला फोन द्या, मी म्हटलं.