मामा वाट चुकतील ना, सर!

किस्सा रोजच्या रोज सांगून टाकावा, नाहीतर साचतो. बायको होती तोवर माझे साचले नाहीत. शाळेतून आलो की दिवसभराचा माल तिच्यापुढे ओतायचा. ती हसायची, नाहीतर "पुरे आता!" म्हणायची, की झालं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. रांझी भागातल्या घरात आता मी आणि फ्रिजचा आवाज. फ्रिजला किस्से सांगून बघितले, मजा येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी जबलपूरच्या एका शाळेत अकरावीला इंग्रजी शिकवतो. यंदा आदिवासी साहित्य आणि मौखिक परंपरा शिकवायची होती. मी जोशात प्रोजेक्ट दिला: घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक गोष्ट ऐका. लिहायची नाही! नुसती ऐकायची आणि वर्गात येऊन इंग्रजीत सांगायची.

दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग प्रिंटआउट घेऊन हजर. शुक्ला नावाचा एक पोरगा आहे, त्याला विचारलं, "दादी से पूछा था?"

"पूछा था सर. दादी बोलीं, मोबाइल में सब है, वहीं से ले ले!"

*

पंधरा दिवसांनी एक पालक आले. आपलेच मराठी, खमरियाच्या फॅक्टरीत नोकरीला. पोरीची वही माझ्यासमोर आपटली.

"सर, वही कोरी काहून आहे? पंधरा दिवसांपासून काय करून राहिले तुम्ही वर्गात?"

"ऐकून राहिलो," मी म्हणालो. "मौखिक परंपरा आहे ना, ती कानानंच शिकायची."

त्यांनी वही परत उचलली. "अच्छा. मग परीक्षेत पोरगी काय कान दाखवणार?"



*

प्रिन्सिपल मॅडमना प्रत्येक गोष्टीचे मार्क लागतात. त्यांनी तक्ताच बनवून दिला: भाषा दहा, हावभाव पाच, तात्पर्य पाच. एक दिवस स्वतः मागच्या बाकावर येऊन बसल्या. रिया नावाच्या मुलीनं नानीची गोष्ट सांगितली. कोल्हा येतो, गोड गोड बोलतो, कोंबडीला खातो आणि निघून जातो. संपली!

मॅडम म्हणाल्या, "और मॉरल?"

रियानं जरा विचार केला. "मैडम, मुर्गी ख़तम."

तात्पर्याचे पाचपैकी शून्य. खरं तर एवढं स्वच्छ तात्पर्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. हे कुणालातरी सांगावं म्हणून घरी आलो, चप्पल काढली, आणि आठवलं.

*

म्हटलं, आपणही गृहपाठ करावा. बायको आमच्या लेकीला लहानपणी एक लांबलचक गोष्ट सांगायची. मी तेव्हा शेजारच्या खोलीत पेपर तपासत असायचो, कधी ऐकली नाही. लेक आता बंगळूरला असते. तिला व्हॉइस नोट पाठवली. आधी वर्गाची हकिगत, मग रियाची कोंबडी, मग आईची गोष्ट कोणती होती गं, आठवत असेल तर सांग. सात मिनिटं बोललो.

एका मिनिटात अंगठा आला!

मी अंगठ्याकडे बघत बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

*

आता सुनीता मरावी. मंडल्याकडच्या गोंड गावातली पोरगी, शिकायला इथे मामांकडे राहते. मामा मालवाहू ऑटो चालवतात. वर्गात आदिवासी घरातली ती एकटी, त्यामुळे माझी सगळी आशा तिच्यावर! तिचा नंबर आला, उभी राहिली, आणि गप्प.

"कहानी नहीं आती?"

"आती है सर. दिन में नहीं कह सकते. दिन में कहो तो मामा रास्ता भूल जाते हैं."

वर्ग हसला. ती हसली नाही. तिचे मामा त्या वेळी खरंच ऑटो घेऊन कुठेतरी रस्त्यावर होते. मी पुढे काही बोलणार, तोच शुक्ला उठला.

"सर, मैं भी नहीं सुनाऊंगा. मेरे तो चार मामा हैं, जाम लग जाएगा!"

एका तासात अख्ख्या वर्गाला मामा आठवले. प्रोजेक्ट बंद! बाकीच्यांना मी दटावून बोलतं केलं, पण सुनीता हलेना. सोमवारी मार्क द्यायचे होते. गोष्ट नाही तर वीसपैकी शून्य.

*

शेवटी मीच म्हणालो, "रविवारी दिवे लागल्यावर घरी ये. आणि मामांना घेऊनच ये. समोर बसलेला माणूस कसा काय वाट चुकेल?"

आले दोघं. पाहुण्यांचे कप माळ्यावरून काढले, धूळ धुतली. सुनीतानं सुरुवात केली, चार वाक्यं बोलली आणि थांबली. मला वाटलं, विसरली.

"सर, हुंकारी?"

मामांनी समजावलं. ऐकणाऱ्यानं दर वाक्याला 'हूं' म्हणायचं. तो गप्प बसला, तर सांगणारा पुढे जात नाही. मग मी हूं म्हणायला लागलो. गोष्ट तासभर चालली. अर्धी गोंडीत, अर्धी हिंदीत, इंग्रजीचा एक शब्द नाही. वीसपैकी वीस दिले. मॅडमना काय सांगायचं ते बघू.

मला वाटलं, आता उठतील. मामांनी कप खाली ठेवला. "अब आप, मास्साब. हमारे घर में जो सुनता है, उसको सुनानी भी पड़ती है."

मला कुठली गोष्ट येणार! अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी शिकवल्या. तोंडातून निघालं ते मराठीच.

"एक होती बाई."

"हूं," मामा म्हणाले.

"तिला गर्दीची फार भीती वाटायची."

"हूं," सुनीता म्हणाली.

"कमानिया गेटला बाजाराला गेली की ती नवऱ्याच्या शर्टाची बाही धरून चालायची."

"हूं."

"एक दिवस तिनं बाही सोडली."

"हूं."

मी थांबलो. चष्मा पुसला. "मराठी समझ में आ रही है?"

"एक शब्द नहीं," मामा म्हणाले. "हूं. फिर?"