तोंड नसलेला पतंग

मी बोलणारा माणूस नाही. क्वचित तोंड उघडतो आणि नेमकं तेव्हाच चुकतो, असं बायकोचं मत.

राज्य नवीन होतं, तेव्हा रायपुरात उठसूट प्रदर्शनं भरायची. तिथं कोसा रेशीम मांडून बसलेल्या एकानं सांगितलं, कोशातून निघालेला पतंग काही खातच नाही. त्याचं तोंड नावापुरतं, खाणं सगळं अळीपणीच उरकलेलं. मी चकित. पुस्तक आणून वाचलं. झुरळासारखे चावणारे जबडे ही कीटकांची जुनी ठेवण. त्याच अवयवांची पुढं डासाकडे सुई झाली, माशीकडे स्पंज, फुलपाखराकडे गुंडाळायची नळी. काही पतंगांची तर नळीसुद्धा झिजून गेली. एवढ्या भांडवलावर मी विद्वान झालो.

मग एकदा आमच्या कपाटातून बारीक भुरकट पतंग उडाला. बायको कडुनिंबाचा पाला घेऊन धावली.

"थांब. त्याले तोंडच नसते. खाईन कायनं?"

"कसर लागन जी साडीले!"

पाला मी बाहेर फेकला.

भाचीच्या लग्नासाठी तिनं आपल्या गेलेल्या आईची, लाँड्रीतून धुऊन आणून कपाटात ठेवलेली कोसा साडी काढली, तर पदराची चाळणी. पतंग अंडी घालून गेला होता, आणि त्याच्या अळ्यांना जबडे होते. हेही मी वाचलेलंच. सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं, इतकंच.

"लाँड्रीवाल्यानं तेजाब टाकलं असन. चला, गाडी काढा!"

मी मुकाट काढली. सदर बाजारात स्कूटर अडकली. मागं तिची शिव्यांची तालीम चालली होती. मला त्या माणसानं साडीला घातलेली सुबक घडी आठवत होती. त्याचं दुकान दिसलं तसा मी मागं वळलो.

"त्यानं नाही केलं. कसरच ते. पाला मी फेकला ना."

"मग मघापासून काहून बोलून नाही राहिले? मी त्या गरिबाची इज्जत काढाले जाऊन राहिली होती!" मग म्हणाली, "पंडरीच्या कापडबाजारात घ्या. रफूवाल्याशी तुम्हीच बोला."

रफूवाल्यानं पदर उजेडाला धरला. "ये क्या हुआ, भैया?"

"देखिए, ऐसा है, पतंगे का मुँह..."

बरगडीत कोपर बसलं.

"कीड़ा लगा," मी म्हणालो. "गलती मेरी है."