गालिच्याखालची ओल

देवापेक्षा ओलावा मोजणाऱ्या मीटरवर माझा जास्त विश्वास होता, हे आधीच कबूल करतो. जुन्या इमारती तपासणं हे माझं काम. पानगळीच्या दिवसांत कंपनीने मला पार्सिपनीच्या ऑफिसातून पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या एका ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठात पाठवलं. खाणीत काम करायला आलेल्या लोकांनी फार पूर्वी बांधलेलं लाकडी चर्च, वर कांद्याच्या आकाराचा घुमट, आणि सांभाळायला पाच म्हातारे साधू. एक भिंत खालून कुजत चालली होती. पाणी कुठून येतंय ते सापडलं नाही, तर हिवाळ्याआधी चर्चला कुलूप लागणार होतं.

दोन दिवस मी शिडीवरच होतो. छप्पर पाहिलं, घुमट पाहिला. वर सगळं कोरडं ठणठणीत, आणि भिंत मात्र ओली! मठाचे प्रमुख, सगळे त्यांना फादर म्हणत, दुपारी गरम सूप आणून देत आणि काही न विचारता परत जात. त्या न विचारण्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

तिसऱ्या दिवशी हात टेकले आणि बायकोला फोन केला.

“तू आत जाऊन नमस्कार तरी केलास का?” तिने विचारलं.

“अगं, मी साइटवर आहे.”

“साइट काय रे! देवाचं घर आहे ते. मीटर बाजूला ठेव आणि दोन मिनिटं शांत उभा राहा ना, यार.”

लाजच वाटली. तीन दिवस मी देवाच्या दारी सेफ्टी बूट घालून हिंडत होतो! तिथे बूट कुणीच काढत नाही, पण पायात बूट ठेवून हात जोडणं मला जमेना. दारातच बूट-मोजे काढले आणि बाळाला कडेवर घेतलेल्या माउलीच्या तसबिरीसमोर, गालिच्यावर उभा राहिलो. ‘मला जमत नाही, आता तूच बघ,’ एवढंच म्हणालो. तेवढ्यात तळपायांना गार ओल लागली.

गालिचा उचलला, तर फळ्या भिजलेल्या. बाहेर झुडपामागे पन्हळीचा पाइप निखळला होता आणि पावसाचं पाणी थेट जमिनीखाली मुरत होतं. फादरना मी जवळजवळ ओढतच आणलं. माझे अनवाणी पाय बघून ते खो खो हसले, मग स्वतःचेही बूट काढून शेजारी उभे राहिले. “खरंच की, केवढं गार!” म्हणताना त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही.

पाइप बसला, फळ्या बदलल्या, चर्च उघडं राहिलं. रिपोर्टमध्ये ‘दोष कसा सापडला’ असा रकाना असतो. मी लिहिलं, नमस्कार करताना. साहेबांनी ते खोडून ‘प्रत्यक्ष पाहणी’ केलं. मी वाद घातला नाही. मला जमत नाही, एवढं म्हणायला मला तीन दिवस लागले. तेवढा वेळ जी माउली थांबून राहिली, तिला रिपोर्टात नाव कशाला हवं?