पाहुणी बंदूक

सौदी अरेबियातल्या खफजी शहरात एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. हिवाळ्यात बदकं किनाऱ्यावर उतरली, की एक सौदी आजोबा आखडलेली मान घेऊन हजर होतात. दुखण्याचं मूळ म्हणजे त्यांची जुनी इंग्रजी दुनळी बंदूक. ती कुणा उंच साहेबाच्या मापाने घडवलेली. तिच्या लांब दस्त्याशी जुळवून घेताना मान कशी पिळावी लागते, ते आजोबा हातातली काठी खांद्याला लावून दाखवतात.

"दस्ता थोडा कापून घ्या ना," मी माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत सुचवलं.

आजोबा दुखावले. "डॉक्टर, ती परदेशातून माझ्या घरी आलेली पाहुणी आहे. पाहुण्याचे पाय कापतात का?"

मी त्यांची मान चोळू लागलो. "बरं, यंदा बदकं किती पडली?"

"एकही नाही," आजोबा खुशीत म्हणाले. "तीही पाहुणीच की!"