आठ सारखे आणि नववा

नोएडाच्या त्या कंपनीत मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे एकाच कामावर ठरणार होतं. एका इस्पितळाच्या अपॉइंटमेंटचा जुना प्रोग्राम साफ करायचा.

तो उघडला आणि कपाळाला हात लावला. दर विभागाचा वेगळा क्लास, म्हणजे कोडचा वेगळा कप्पा, आणि आठांमध्ये त्याच पंधरा ओळी: तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी ढकला. लिहिणारे गृहस्थ माझ्या समोरच बसायचे. पन्नाशीचे, मूळचे दिल्लीचे. इतक्या वर्षांत माणूस कॉपी-पेस्ट शिकला, हेही नसे थोडके! त्यांना काही विचारावं? छे हो. आम्ही पुण्याहून आलेले. आम्ही विचारत नसतो, सांगत असतो.

मी त्या ओळी उचलून एक मेथड केली, म्हणजे एकदाच लिहून कुठूनही वापरता येईल असा तुकडा, तो सगळे कप्पे ज्यावर उभे त्या मूळ क्लासमध्ये ठेवला आणि जिथे लागेल तिथे त्याला नुसती हाक मारली. नवव्या, डायलिसिसच्या क्लासमध्ये मात्र सुट्टीची अटच नव्हती. विसरले असणार बिचारे. मोठ्या मनाने तीही चूक सुधारली. प्रोग्राम तपासायच्या टेस्ट सगळ्या पास. मीच लिहिलेल्या टेस्ट, त्या कशाला नापास होतील? घरी जाताना मेट्रोतून मयूर विहारला उतरायच्या आत बायकोला फोनवर सांगूनही टाकलं, की समज मी कायम झालो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्या गृहस्थांना शेवटची नजर टाकायला सांगितलं. दुपारी प्रोग्राम इस्पितळात चालू व्हायचा होता, आणि पुढे दिवाळीच्या सलग चार सुट्ट्या. ते सावकाश वाचत गेले. मेथड छान झालीय, हे मीच कधी करायला हवं होतं, असंही म्हणाले. मी नम्रपणाचा आव आणला. मग त्यांचं बोट डायलिसिसवर थांबलं.

"बेटा, डायलिसिसवाले की छुट्टी कब होती है?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडलो तरी असतो. एक दिवसाआड जगण्यासाठी येणारी माणसं मी चार दिवस पुढे ढकलली होती.

मॅनेजर उठून आला आणि हे कुणी केलं म्हणून विचारू लागला. त्या गृहस्थांनी चष्मा काढला.

"कोड तो मेरा ही है," ते म्हणाले. "मुझसे ही हो गया होगा।"

बाप रे, किती सोपं होतं मान हलवणं! अतिशहाण्याला आयती सुटका मिळत होती.

"मी केलंय," मी चक्क मराठीत बोललो, मग हिंदीत पुन्हा सांगितलं. कायम व्हायचं सहा महिने लांबलं.