उंबरदरे, तालुका कोणता?

टपालात तीस वर्षं पत्रं निवडण्यात गेली. त्यामुळे कुणी नुसतं गावाचं नाव घेतलं, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, ‘तालुका कोणता?’ माझी सून या सवयीवर हसते. हसू दे. एका नावाची दहा गावं असली म्हणजे काय होतं, ते तिला ठाऊक नाही.

आमच्या उंबरदऱ्याचं तसंच झालं. मूळ गाव कोयनेच्या धरणात गेलं. निम्मी माणसं खटाव तालुक्यात, वडूजच्या पुढच्या माळावर वसली आणि निम्मी शिराळ्याकडे. जाताना दोघांनीही गावाचं नाव बरोबर नेलं. एकाच आईची दोन लेकरं असावीत, तशी ही दोन उंबरदरी.

या मे महिन्यात मी साताऱ्याहून निघाले ती नानांसाठी. नाना म्हणजे माझे वडील. आजारातून उठले, पण झोप उडाली होती. एका सकाळी त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, की गाव उठलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. दोन ट्रक आले होते. पहिल्यातून त्यांचे चुलते खटावकडे गेले, दुसऱ्यातून नानांचं घर शिराळ्याकडे निघालं. हौसाआत्या, म्हणजे नानांचे वडील आणि चुलते यांची विधवा बहीण, नानांच्या कानात म्हणाली, ‘सांग, आत्या पहिल्या गाडीनं गेली.’ नानांनी तसंच सांगितलं. नंतर कुणी तिला शोधलंच नाही. भावाभावांत बांधावरून अबोला होता, त्यामुळे विचारपूसही झाली नाही.

“ती कुठल्या उंबरदऱ्यात मेली, तेवढं बघून ये,” नाना म्हणाले. “मी खोटं बोललो का खरं, ते कळल्याशिवाय मला डोळा लागायचा नाही.”

वडूजच्या स्टँडवरच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सेफ्टी पिन लावून फरफटत जीपमध्ये बसले. खटावातलं उंबरदरे म्हणजे उघडा माळ, बाभळी आणि रस्त्यावर भाजत पडलेली उन्हं. शांताकाकू, चुलत्यांची सून, आता सत्तरीपलीकडची, एकटीच घरी होती. तिनं माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण) आणि भाकरी वाढली. माडगं इतकं झणझणीत, की ज्या कामाला आले तेच विसरले.

आठवण झाल्यावर आत्याबद्दल विचारलं. काकू म्हणाली, आत्या तर तुमच्याकडं शिराळ्याला होती. बोहारीण दोन्ही गावं फिरायची. ‘तिकडं आमची माणसं कशी हाईत?’ असं विचारलं, की ती म्हणायची, सगळी बरी हाईत. त्या सगळ्यांत आत्याही आली. पुढे एका वर्षी तिनं निरोप आणला, की तिकडच्या उंबरदऱ्यातली म्हातारी गेली. मग इथल्या घरानं सुतक पाळलं, दहावा घातला.

मग काकूनं ताट बाजूला सारलं.

“एकदा आल्तीबी हितं,” ती म्हणाली. “मी नवी नवरी. लय दुष्काळ, हिरीत थेंब न्हाई. भर दुपारी दारात उभी. हातात केरसुणी. मला म्हणली, दुसरी गाडी गेली का गं? मी म्हणलं, कुठली गाडी, आत या, बसा. पाणी आणाय वळले, तवर न्हाईच.”

मी म्हटलं, असेल कुणी वाटसरू.

“असंल. पर ताई, तिच्या लुगड्याचा काठ गळत हुता. उंबऱ्यात पाणी साचलं हुतं.”

बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. उंबरा ओलांडताना मी पदर आवरून घेतला. काय कारण होतं, कुणास ठाऊक.

आमच्या माणसांनी गाव सोडल्यावर ती तिकडे आली असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी कराडमार्गे शिराळा. इथलं उंबरदरे अगदी उलट. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये भाताची खाचरं, पाटाचं पाणी खळखळतंय. नानांचं घर कधीच विकलं गेलं. शेजारचे सुभेदार मात्र होते. फौजेतून येऊन वीस वर्षं झाली, तरी अजून ताठ बसतात. मी हौसाआत्याचं नाव काढताच त्यांनी निकाल देऊन टाकला.

“आवं ती वडूजकडं. तिकडं तिचा दहावा झाला, ही बातमी मी स्वतः ऐकलीया. माणूस तिथं मेल्याबिगर दहावा कोण घालतंय?”

मी त्यांना हळूच सांगितलं, की तिकडचे लोक ती इकडे मेली म्हणतात. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी मला देवळात नेलं. गावदेवी जननीचं देऊळ, संगमरवरी फरशी, आणि गाभाऱ्यात जयपूरहून आणलेली मूर्ती. मी विचारलं, जुना तांदळा (देवीचा बिनघडीव दगड) कुठं आहे?

“त्यो वडूजच्या लोकांनी नेला,” ते म्हणाले आणि थांबले. “आमी आपलं तसंच समजत आलूया.”

वडूजकडच्या उंबरदऱ्यातल्या देवळात मी आदल्या दिवशीच जाऊन आले होते. तिथला पुजारी म्हणाला होता, जुना देव शिराळ्याला. म्हणजे दोन्ही गावांनी देवी आणि आत्या एकमेकांच्या भरवशावर सोडल्या आणि साठ वर्षं सुखानं झोपली. मला त्या नीटनेटक्या फरशीचा रागच आला. बिनातालुक्याचं पत्रसुद्धा आम्ही इतकं बेवारशी ठेवत नसू.

आता तिसरं उंबरदरे राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून साताऱ्याला आले, पण घरी न जाता हळदकुंकू आणि खण घेऊन तशीच धरणाकाठच्या बामणोलीची गाडी धरली. मे अखेरीला धरणाचं पाणी खाली जातं आणि बुडालेल्या गावांची जोती वर येतात. मारुती नावाचा लाँचवाला न्यायला तयार झाला, मात्र दुपारी चारच्या आत परत, ही त्याची अट. कारण विचारलं, तर म्हणाला, वारा सुटतो.

तासाभरानं त्यानं इंजिन बंद केलं. काठावर तांबडा गाळ, त्यातून डोकावणारी घरांची जोती, एक उखळ, वठलेल्या उंबराचं खोड. पाखराचा आवाज नाही. मारुतीनं बोट केलं तिकडे थोड्या उंचावर दगडी कट्टा होता. बाकी सगळीकडे पाऊल रुतेल इतका गाळ आणि तो कट्टा मात्र लख्ख.

“दरसाल असाच निगतो,” मारुती म्हणाला. “माझा बा सांगायचा, तवापास्नं. तुमी जा. मी हितंच थांबतो.”

चपला हातात घेऊन मी अनवाणी निघाले. घोट्यापर्यंत चिखल. कट्ट्यावर तांदळा जागच्या जागी होता, काळा, गुळगुळीत. भोवतीच्या बारीक रेतीवर अर्धगोल रेघा उमटल्या होत्या, अंगण झाडल्यावर उमटतात तशा. एकीला लागून एक. माणसाचं पाऊल कुठंच नव्हतं. पाण्याच्या लाटांनी अशा रेघा पडत असतील, मी स्वतःला बजावलं. पण पाणी हातभर तरी खाली होतं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, “आत्या, दुसरी गाडी नीट पोचली. तुमचा भाचा सुखरूप आहे.”

कट्ट्यावर माझ्या चिखलाच्या पावलांची घाण झाली होती. तशीच ठेवून उतरले. लाँच वळली तेव्हा मागे पाहिलं. गाळातून गेलेली माझी पावलं कट्ट्यापर्यंत स्पष्ट दिसत होती. कट्ट्यावर एकही नव्हतं. मारुतीनं ते पाहिलं असावं, कारण त्यानं इंजिनचा वेग वाढवला. 

साताऱ्यात पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. नाना खिडकीशी बसले होते. काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं. शांताकाकूची हकिकत वगळायची, रेघांचं नावसुद्धा काढायचं नाही. आजारी माणसाला कशाला? मी एवढंच म्हणाले, “नाना, आत्या खटावलाही गेल्या नाहीत आणि शिराळ्यालाही आल्या नाहीत. मी धरणात जाऊन देवीला हळदकुंकू वाहून आले.”

नाना माझ्या पायांकडे बघत होते. नखांत अजून तांबडा गाळ होता.

“कट्टा झाडलेला होता?” त्यांनी विचारलं.

मी मान तेवढी हलवली.

“पहिल्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला तेव्हा ती तोच झाडत होती,” नाना म्हणाले. “मला म्हणाली, एवढं झालं की येते.” त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, “म्हणजे अजून झालं नाही तिचं.”

ते उठले आणि आपल्या हातानं अंथरूण घातलं. उशीवर डोकं टेकताच त्यांना झोप लागली. मी आत पाणी प्यायला गेले. परत आले तर उंबऱ्यात पाणी सांडलेलं होतं आणि केरसुणी कोपऱ्यातून दाराशी आली होती.

मी ती उचलली नाही.